साठ डिग्रीचा तक्ता

वायरमनच्या परीक्षेला बसणारी मुलं अजूनही कधी कधी माझ्याकडे वही घेऊन येतात. सिंदेवाहीच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. त्यामुळे कुणाचं ओमच्या नियमाचं गणित अडलं की लोक त्याला बाईंकडे जा म्हणतात. गणितं सोपीच असतात. इतक्या व्होल्टची बॅटरी, इतक्या ओमची तार, तर करंट किती. मी त्यांना उत्तर काढू देते आणि मग विचारते, तार किती तापली आहे? मुलं पुन्हा पुस्तकात बघतात. तिथे तसं काही दिलेलं नसतं. मागे एक मुलगी म्हणाली, "बाई, ते गणितात लागत नाही." मी तिला चहा प्यायला दिला आणि थोडा वेळ आत जाऊन बसले. अगदी हेच शब्द मी सोळाव्या वर्षी माझ्या वडिलांना सांगितले होते.

माझे वडील पत्रू लाईनमन. आमचं गाव पिंपळटोला, धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाच्या तोंडाशी. गावात पोस्ट आणि तारऑफिस एकाच खोलीत होतं. त्या खोलीतून एक लोखंडी तार निघायची आणि अठ्ठावीस मैल जंगलातून थेट सागवान-बांबूच्या डेपोपर्यंत जायची. तार एकच. करंट तारेतून जातो आणि जमिनीतून परत येतो, हे मला सातवीत असतानाच ठाऊक होतं, आणि शाळेतल्या गुरुजींना ते पटत नव्हतं.

त्या अठ्ठावीस मैलांवरचा प्रत्येक खांब बाबांच्या ओळखीचा होता. मैलामागे वीस खांब, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात मैलाचा आकडा आणि खांबाचा आकडा. बाबा मात्र त्यांना नावांनी ओळखायचे. मोहाचा, अस्वलाचा, पाण्याचा. माझ्या आजोळच्या गावाजवळचा खांब दर पावसाळ्यात कलायचा. त्याला ते सासऱ्याचा खांब म्हणायचे, आणि माय ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तार बिघडली की बाबा आणि त्यांच्या हाताखालचा लालसू, पलीकडच्या टोल्यावरचा, गोंडांच्या वस्तीतला, दोघं तारेखालून चालत जायचे. मान वर. प्रत्येक खांबावर तार ज्याला बांधलेली असते तो चिनी मातीचा कप बघत. कप फुटला, तार लोखंडाला टेकली, की करंट तिथेच खांबातून जमिनीत उतरतो आणि पुढे डेपोला काही पोचत नाही. खालून ते सहज दिसतही नाही. म्हणून बाबा एकही खांब सोडत नसत. कधी दोन दिवस लागायचे, कधी तीन, पण हुकायचं नाही.

नोकरीत कायम व्हायचं तर मात्र नुसतं चालून भागणार नव्हतं. हिशेबाची परीक्षा होती. पंचावन्न सालच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात ओव्हरसियर गुणवंतराव येऊन ती घेणार होते. बाबा पास झाले तर चांद्याला बदली, तिथे राहायला खोली आणि माझी आठवी. आमच्या गावची शाळा सातवीला संपत होती, मी दोन वर्षं घरीच होते. नापास झाले तर आरमोरीचं एक स्थळ मायनं धरून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, धानाची मोठी शेती होती. पण मला आठवीचं बीजगणित हवं होतं. गुरुजींनी एकदाच फळ्यावर क्ष काढून पुसून टाकला होता, तेव्हापासून मला झोप लागत नव्हती म्हटलं तरी चालेल.

तारमास्तर नानाजींनी बाबांना एक पातळ पुस्तक दिलं. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता, म्हणून पुस्तक हिंदीत. बाबा चौथी शिकलेले. ते पुस्तक मीच आधी वाचलं आणि मग त्यांना शिकवलं. रेझिस्टन्सला ते अडकाव म्हणायचे. एकामागे एक अडकाव असले की बेरीज, हे त्यांना लगेच समजलं. ऑफिसातली नवसागराच्या पाण्याची काचेची भांडी, म्हणजे तारेची बॅटरी, त्यांनीच तशी जोडली होती. शेजारी-शेजारी लावलेले अडकाव मात्र गळी उतरेनात. सहा ओम आणि तीन ओम मिळून दोन ओम होतात, ही त्यांना फसवणूक वाटायची. दोन मिळून कमी कसे?

मग मी त्यांना धानाच्या रोवण्याचं उदाहरण दिलं. एक बाई शेताची एक बांधी सहा दिवसांत रोवते, दुसरी तीन दिवसांत. दोघी एकदम लागल्या तर किती दिवस?

"दोन," बाबा म्हणाले. "म्हंजे करंटले दोन वाटा भेटल्या."

त्या दिवसापासून ते मला मास्तरीण म्हणायला लागले. मायला हाक मारून सांगायचे, रंभे, मास्तरणीले दूध दे.

तारेत बिघाड कुठे आहे हे ऑफिसात बसून काढायची रीत त्या पुस्तकात होती. बॅटरी लावायची, काट्याच्या यंत्रावर करंट वाचायचा, व्होल्टला करंटनं भागायचं म्हणजे सगळा अडकाव मिळतो. त्यातून बॅटरीचा आणि यंत्राचा स्वतःचा अडकाव वजा करायचा. उरला तो तारेचा. मागच्या पानावर तक्ता होता, कोणत्या जाडीच्या लोखंडी तारेला मैलामागे किती ओम. आमच्या तारेला तेरा. तेरानं भागलं की मैल.

बाबांना छापलेलं काहीही न वाचता सोडवत नसे, डब्यावरची अक्षरंसुद्धा ते बोटानं लावून वाचायचे. त्यांनी तक्त्याखाली बोट ठेवलं.

"हे खाली मुंगीवानी काय लिवलं हाय?"

मी वाचलं. साठ डिग्री फॅरेनहाइटवर, एवढंच होतं.

"ते गणितात लागत नाई, बाबा."

"लागत नाई तं छापलं काऊन?"

असंच राहते पुस्तकात, असं काहीतरी मी म्हणाले आणि पान उलटलं. मला पुढचं उदाहरण सोडवायची घाई होती. बाबांनी बोट उचललं.

पौषात पहिल्यांदा ते गणित खरोखर करून पाहायची वेळ आली. माझं उत्तर आलं सात मैल. बिघाड निघाला सात मैल आणि दोन खांबांवर. बाबा सकाळी गेले आणि जेवायला घरी आले, असं तेरा वर्षांत कधी झालं नव्हतं. माघात पुन्हा तसंच, एका खांबाचा फरक. लालसूनं सगळ्या टोल्यावर सांगितलं की पत्रूभाऊच्या पोरीला जंगलातलं घरातून दिसतं. त्याची बायको सोमारी माझ्याकडे हरवलेली शेळी विचारायला आली होती. आम्ही खूप हसलो. शेळी तिची तीच घरी आली.

मग मे आला. डेपोची तार एका दुपारी बंद पडली. जंगलात दोन ठिकाणी वणवा लागलेला, डेपोवर बांबूच्या राशी, त्यामुळे नानाजी मास्तर अस्वस्थ होते. बाबांनी मला ऑफिसात बोलावलं. परीक्षा दहा दिवसांवर आली होती, त्यांना माझ्याकडून एकदा सगळं नीट बघून घ्यायचं होतं. बाहेर ऊन असं होतं की पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. तार तुटली असती तर काटा हललाच नसता. तो नेहमीपेक्षा जास्तच सरकला, म्हणजे वाटेत कुठेतरी कप फुटून तार खांबाला टेकली होती.

मी पाटीवर मांडलं. वीस भांडी, एकेकाचे एक पूर्णांक चार व्होल्ट, मिळून अठ्ठावीस. काटा ऐंशी मिलिअँपिअर. भागाकार तीनशे पन्नास ओम. बॅटरीचे चाळीस आणि यंत्राचे पन्नास वजा, उरले दोनशे साठ. भागिले तेरा.

वीस. एक खांबही इकडेतिकडे नाही, पूर्ण वीस. इतकं स्वच्छ उत्तर आलं म्हणून मला आनंद झाला, तो आनंद मला अजून आठवतो.

नानाजी म्हणाले की वीस तर वीस, पण पत्रू, तू आपला नेहमीसारखा पहिल्यापासून बघत जा. बाबांनी मान हलवली. प्रत्येक खांब बघत गेलं तर दोन दिवस जातात, आणि डेपोकडे दोन दिवस नव्हते.

"पोरीनं वीस काढलं, मास्तर. पौषातही तिचंच खरं निंगालं."

"मंग खांबावर पोरीलेच चढव," नानाजी म्हणाले.

बाबा हसले. पाटी त्यांनी पुसू दिली नाही, गुणवंतरावांना दाखवायची म्हणून कोनाड्यात उभी करून ठेवली. चार वाजता ते आणि लालसू निघाले. खांद्यावर दोर, पिशवीत नवे कप, लालसूकडे पाण्याचा तुंबा. मायनं कांदा बांधून दिला. मी वेशीपर्यंत गेले. बाबांची मान वर नव्हती, हे मी पाहिलं. ते साध्या माणसासारखे रस्त्याकडे बघत चालले होते, आणि मला ते माझं यश वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर काही नाही. चार वाजून गेल्यावर नानाजींनी हाक मारली. मी धावत गेले. यंत्र खडखडत होतं, डेपो बोलत होता. नानाजींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो खात खात घरोघर सांगत सुटले, बाबांना सापडलं, वीस मैलांवर सापडलं. माय भात रांधत होती. ती म्हणाली, आता येतीलच, चार मुठी जास्त टाकते.

बाबा त्यानंतरच्या सकाळी आले, अकराव्या मैलावरच्या गावातून बैलगाडीत, आडवे. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. लालसू गाडीमागून चालत आला होता. तो अंगणातच बसून राहिला. मायनं कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं ओठांना लावलं, ओली धोतरं पांघरली. गडचिरोलीहून डॉक्टर यायला दीड दिवस लागला. तोवर बाबा मायला ओळखत नव्हते.

मला मात्र त्यांनी एकदा ओळखलं. दुसऱ्या दिवशी, सकाळी, मी कपडा बदलत होते तेव्हा. त्यांनी माझं मनगट धरलं.

"वच्छी. वीसच होतं. वीस आन् तीन खांब."

मी रडत होते. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जणू मी ऐकलं की नाही याची त्यांना खात्री नव्हती. मग नानाजींना बोलावून घेतलं आणि रिपोर्टात तसंच लिहायला लावलं, वीस-तीन. नानाजींनी लिहिलेलं वाचून दाखवल्यावर ते निजले. तिसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, गेले.

गुणवंतराव ठरल्या दिवशी आले. परीक्षा द्यायला कुणी नव्हतं. नानाजींनी त्यांना रिपोर्ट दाखवला आणि कोनाड्यातली पाटी दाखवली. त्यांनी पाटीवरचं गणित ओळीनं वाचलं, रिपोर्टातला आकडा पाहिला, आणि विचारलं हे कुणी केलं. मी दारात उभी होते. त्यांनी मला दोन तोंडी गणितं घातली. मग मायला म्हणाले की माझी बहीण चांद्याला असते, घरी एकटी आहे, तिच्याकडे राहील पोरगी, हिला आठवीत घालू. मायनं आरमोरीच्या स्थळाकडे नकाराचा निरोप पाठवला. ती स्वतः लोकांच्या बांध्यांत रोवायला जाऊ लागली.

माझी आठवी अशी झाली. वडील गेल्याचं दुःख होतं, पण त्या दुःखाखाली एक आधार होता: शेवटचं गणित बरोबर आलं होतं. ते वीस मैलांवर गेले, बिघाड वीस मैलांवर होता, ऊन लागलं ते नशीब. चांद्याच्या त्या घरात मला रडू आलं की मी पाटीवरचा तो भागाकार मनात मांडायची.

अठ्ठावन्न साली मी अकरावीत होते. विज्ञानाच्या तासाला आमचे गुरुजी रोध, म्हणजे बाबांचा अडकाव, शिकवत होते. फळ्यावर त्यांनी एक वाक्य लिहिलं. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. पुस्तकातले तक्ते साठ डिग्रीचे असतात, ते पुढे म्हणाले, साहेबाच्या देशात तेवढंच ऊन, आपण आपल्या उन्हाचा हिशेब वेगळा करायचा. वर्गात मुलं हसली. लोखंड किती वाढतं ते त्यांनी सांगितलं, डिग्रीमागे हजारात जवळजवळ तीन भाग.

मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. मे महिन्यात दुपारी उघड्यावर तापलेली तार एकशेतीस तरी असणार. साठहून सत्तर डिग्री जास्त. म्हणजे अडकाव पाचव्या हिश्शानं वाढला. मैलामागे तेरा नव्हे, पंधरा पूर्णांक सहा. दोनशे साठ भागिले पंधरा पूर्णांक सहा.

सोळा मैल आणि वर दोन तृतीयांश. तिथे तेरावा नाही तर चौदावा खांब येतो.

मी तास संपेपर्यंत तशीच बसून होते. गुरुजींना वाटलं मला बरं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पिंपळटोल्याला गेले तेव्हा मायला काही बोलले नाही. सरळ लालसूच्या टोल्यावर गेले. तो अंगणात बांबूची टोपली विणत होता. मी त्याला फक्त एवढंच म्हणाले की दादा, मला चौदावा खांब दाखव, सोळा मैलांनंतरचा. त्यानं टोपली खाली ठेवली. कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही. तेवढ्यानंच मला समजलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो आणि दुपारनंतर पोचलो. तो बाबांचा पाण्याचा खांब होता. नाल्याच्या काठावर, ओल्या वाळूत रोवलेला, वर जांभळाची सावली. पांढऱ्या रंगात १६ आणि त्याखाली १४. बाकीचे कप जुने, पिवळट. ह्याच्यावरचा एकटा पांढराशुभ्र.

लालसूनं मग सगळं सांगितलं. त्या सकाळी जाताना ते दोघं इथेच थांबले होते. खांबाला टेकून बसले, तुंबा भरला, पाणी प्याले.

"आमी इथीच एर भरलं," लालसू म्हणाला. पाण्याला त्याच्या तोंडी गोंडी शब्दच यायचा. "मी म्हनलं, भाऊ, वर पाहू का? तं म्हने, नाई, आपल्याले वीसवर पाहाचं हाय."

वीसच्या अलीकडचे दहा आणि पलीकडचे वीस, असे तीस खांब बाबा भर दुपारी चढले. लोखंडी खांब, हाताला फोड येत होते. पाणी संपलं. तिकडे पाणी कुठेच नव्हतं, म्हणून दोघं परत ह्या नाल्याकडे वळले. पोचले तेव्हा बाबांच्या तोंडून शब्द नीट येत नव्हते. ते खांबाखाली उताणे पडले. उताणे पडले म्हणून वर दिसलं.

"भाऊ हासला," लालसू म्हणाला. "म्हने, लालसू, हे तं इथीच होतं."

लालसूला कप बांधायचं काम येत नव्हतं. बाबा त्या अवस्थेत चढले, कप बदलला, खाली आले, आणि मग उठलेच नाहीत. पण गाडी येईपर्यंत शुद्ध होती. फुटक्या कपाचे तुकडे त्यांनी लालसूकडून नाल्यात टाकून घेतले. आणि त्याला शपथ घातली, स्वतःच्या देवाची नाही, लालसूच्या देवाची.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हने, पोरीले सांगू नको. ती गनित सोडन."

गणित म्हणजे काय, हे लालसूला नीट माहीत नव्हतं. त्यानं मला तेव्हा ते विचारलं. ती काय वस्तू आहे, सोडली तर काय होतं.

कार्तिकातला दिवस होता. मी खांबाला हात लावला, लोखंड गार होतं. मनाला सवयच लागलेली, ते मांडत गेलं. ह्या हवेत ते माप घेतलं असतं तर करंट जास्त दिसला असता, आणि तेरानं भागून उत्तर सोळा-चौदाच्या आसपासच आलं असतं. माझी रीत बरोबर होती. मुंगीएवढ्या अक्षरांवर बाबांनी बोट ठेवलं होतं, आणि मी पान उलटलं होतं.

मी गणित सोडलं नाही. सोडलं असतं तर लालसूची शपथ आणि त्या रिपोर्टातलं वीस-तीन, दोन्ही वाया गेलं असतं. परीक्षा दिली, पुढं शिकले, नोकरी लागली, मायला सिंदेवाहीला आणलं. ती माझ्याकडे बावीस वर्षं राहिली. म्हातारपणी तिला विसर पडत गेला, शेजारणींची नावं, मीठ टाकलं की नाही ते. एक गोष्ट ती विसरली नाही. कुणी वायरमनचा विद्यार्थी वही घेऊन आला की ती दारातच त्याला थांबवायची आणि सांगायची, माह्या वच्छीनं घरी बसून वीस मैलांवरचं सांगतलं होतं, आन् तिच्या बापाले बरोबर वीसवरच सापडलं.

मुलगा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, हो. बस, वही काढ.